चार पावलांचं अंतर

प्रसूतीचं टेबल आणि बाळाला ऊब देणारा वॉर्मर यांच्यात साधारण चार पावलांचं अंतर असतं. नवजात बाळांचा डॉक्टर म्हणून मी ते किती वेळा ओलांडलं याची गणती नाही. क्रम ठरलेला. बाळ बाहेर आलं की नाळेला दोन चिमटे, मध्ये कात्री आणि बाळ हिरव्या कापडातून माझ्या हातात. चार पावलं. मग वॉर्मरखाली पुसायचं, नाक-तोंड साफ करायचं, टाचेवर टिचकी मारून रडवायचं, वजन, हाताला पट्टी, पायाचा ठसा, के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, आणि शेवटी घट्ट गुंडाळायचं. मागून टेबलावरून आवाज यायचा, "रडलं का हो? कसं आहे?" कुणीतरी उत्तर द्यायचं, "छान आहे. तुम्ही पडून राहा, टाके घालायचेत." बाळ आईला दिसायचं ते गुंडाळलेलं, उभ्या उभ्या, क्षणभर. की गेलं खोलीबाहेर.

त्यातली एक बाई अजून आठवते. पहिलटकरीण. रात्रभर कळा देऊन आवाज बसलेला. मी बाळ घेऊन तिच्या डोक्याशी गेलो तेव्हा तिनं हात पुढे केला, मग मागे घेतला आणि विचारलं, "डॉक्टर, हात लावू का हिला?" नऊ महिने जिला पोटात वागवलं, तिला हात लावायला ती माझी परवानगी मागत होती. आणि मी म्हणालो, "थांबा, आधी वजन होऊ दे."

तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या खोलीत कुणालाच वाटलं नाही. आम्ही कुणी दुष्ट नव्हतो. प्रत्येक कृतीला कारण होतं, फक्त बहुतेक कारणं आमच्या सोयीची होती आणि ती आम्ही बाळाच्या सुरक्षिततेच्या नावावर खपवत होतो. जन्मानंतर बाळाची मूळ जागा आईच्या छातीवर आहे. तिथून त्याला हलवायचं असेल तर हलवणाऱ्यानं कारण द्यावं, असं मला आता वाटतं. आज उलटं चालतं. बाळ रुग्णालयाच्या ताब्यात जन्माला येतं आणि सवडीनं आईला 'दिलं' जातं.

"बाळ-बाळंतीण सुखरूप" असं आपण एका दमात म्हणतो. भाषेनं दोघांना एका शब्दात बांधलेलं आहे. रुग्णालयात शिरल्यावर त्या शब्दाचे दोन तुकडे होतात. बाळंतीण एका विभागाची, बाळ दुसऱ्या. दोन केसपेपर, दोन डॉक्टर, दोन वेगवेगळ्या वेळचे राउंड. स्त्रीरोगतज्ज्ञ रक्तस्राव आणि टाके बघून जातात, आम्ही बाळाची कावीळ आणि वजन बघून जातो. दूध उतरलंय का, बाळ नीट ओढतंय का, हा प्रश्न दोघांच्या मधोमध पडून राहतो, कारण स्तन एका विभागात आणि तोंड दुसऱ्या विभागात.

ही ताटातूट काही अनादी काळापासूनची नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये मॉर्फिन आणि स्कोपोलामिन यांची इंजेक्शनं देऊन अर्धवट गुंगीत प्रसूती करण्याची पद्धत नावारूपाला आली. अमेरिकेत तर तिचं वेडच लागलं. बाईला वेदना आठवत नसत; पण भ्रमात ती हातपाय झाडे, म्हणून तिला पलंगाला बांधत. अशा आईच्या हाती बाळ देणार कसं? बाळही औषधानं सुस्त. त्यात जंतुसंसर्गाची भीती. मग काचेआड ओळीनं पाळणे मांडलेली नर्सरी आली आणि घड्याळ पाहून चार-चार तासांनी दूध पाजणं आलं. १९५८ साली अमेरिकेतल्या एका लोकप्रिय महिला मासिकानं प्रसूतिगृहांतल्या क्रौर्याबद्दल बायकांची पत्रं छापली. सुरुवात एका नर्सच्या निनावी पत्रानं झाली होती, आणि त्यानंतर पत्रांचा पूरच आला. पुढे ती गुंगी मागे पडली, बांधणं थांबलं. पण ज्या गुंगीमुळे नर्सरीची गरज पडली, ती गेल्यावरही नर्सरी राहिली. रोग बरा झाला, पथ्य चालू.

नाळेचंच घ्या. जन्मानंतर काही मिनिटं वारेतलं रक्त नाळेतून बाळाकडे येत असतं. नाळ चिमटीत धरली तर ठोके बोटांना लागतात. पूर्ण दिवसांच्या बाळाला या वाटेनं सुमारे ८० ते १०० मिली रक्त मिळतं. तीन किलोच्या बाळाच्या अंगातलं एकूण रक्त अडीचशे मिलीच्या आसपास असतं, हे लक्षात घेतलं म्हणजे घाईची कात्री काय करते ते कळेल. त्या रक्तातलं लोह ही बाळाची पुढच्या कित्येक महिन्यांची शिदोरी असते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, नाळ निदान एक मिनिट तरी बांधू नका. जन्मतः श्वास घेत नसलेल्या, मदतीची गरज असलेल्या बाळाची गोष्ट वेगळी. पण अशी बाळं थोडी. बाकीच्यांसाठी थांबायला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. तरी सगळ्यात जड हेच जातं. हात शिवशिवतात. मी स्वतः पहिल्यांदा घड्याळ लावून थांबलो तेव्हा ते साठ सेकंद मला संपता संपेनात.

पुढचा तास तर आम्ही जवळजवळ कुणी पाहिलेलाच नव्हता, कारण बाळ तोवर आमच्या ताब्यात गेलेलं असे. १९९० साली स्वीडनमध्ये ७२ बाळांचा एक छोटा अभ्यास झाला. काही बाळं जन्मल्यापासून तासभर आईच्या अंगावर अखंड ठेवली, काही वीसेक मिनिटांनी मोजमापं आणि कपडे यांसाठी उचलून नेली आणि परत आणली. न उचललेल्या बाळांपैकी बहुतेकांनी स्तन तोंडात नीट धरला. उचललेल्यांपैकी थोड्यांनाच ते जमलं. आईला प्रसूतीत पेथिडीन हे वेदनाशामक दिलेलं असेल तर बरीच बाळं ओढायलाच तयार नव्हती. वीस मिनिटांनी नेलं आणि परत दिलं, एवढंच तर केलं होतं.

वाचून खरं वाटलं नाही, म्हणून मी एका रात्री खुर्ची टाकून बसलो. बाळ कोरडं केलेलं, आईच्या उघड्या छातीवर पालथं, वरून एकच कोरडं कापड. आधी रडलं, मग एकदम शांत झालं. इतकं शांत की मी वाकून श्वास पाहिला. थोड्या वेळानं डोळे उघडले. हात तोंडाशी नेला, चाटला. मग पायांनी रेटा दिला आणि बोटभर वर सरकलं. थांबलं. आमच्यातलं कुणीही या क्षणी म्हणालं असतं, "झोपलं, आता उचलू या." पण पुन्हा रेटा. मान उचलून आपटली, चुकीच्या बाजूला गेलं, परत वळलं. वजनाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या सिस्टरनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं, मग ट्रे खाली ठेवला आणि त्याही खुर्ची ओढून बसल्या. पन्नासेक मिनिटांनी बाळानं आ वासला आणि स्तन धरला. कुणी डोकं दाबलं नव्हतं, कुणी बोंड तोंडात कोंबलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा मी एखाद्या बाळाला त्याचं काम करू दिलं होतं. त्या तासात बाळाचं अंग उबदार राहिलं, श्वास एका लयीत आला. वॉर्मर शेजारी रिकामाच तापत होता.

एक मात्र आवर्जून सांगायला हवं, कारण उत्साहाच्या भरात हेच सुटतं. छातीवरच्या बाळावर नजर ठेवावी लागते. नाक मोकळं, मान सरळ, चेहरा दिसता, रंग गुलाबी. निरोगी दिसणारं बाळ पहिल्या काही तासांत अचानक कोसळण्याच्या घटना घडतात. विरळा, पण घडतात. दमलेल्या, औषधानं गुंगलेल्या आईच्या अंगावर बाळ ठेवून सगळे पुढच्या टेबलाकडे वळले, तर त्याला बाळ-स्नेही सेवा म्हणता येणार नाही.

आता टेबलाच्या दुसऱ्या टोकाला येतो, जिकडे माझी बरीच वर्षं पाठच होती. घाना, गिनी, म्यानमार आणि नायजेरिया या चार देशांत प्रसूतिकक्षात निरीक्षक बसवून केलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. पाहिलेल्या २,०१६ बायकांपैकी सुमारे ४२ टक्के बायकांना मारणं, ओरडणं, टाकून बोलणं किंवा भेदभाव यांपैकी काहीतरी सोसावं लागलं. त्या अहवालात एक बारीक नोंद आहे आणि ती मला त्या टक्क्यांपेक्षाही अस्वस्थ करते. शारीरिक आणि शाब्दिक छळाचा जोर कधी असतो? जन्माच्या आधीच्या अर्ध्या तासापासून जन्मानंतरच्या पंधरा मिनिटांपर्यंत. ज्या मिनिटांना आम्ही बालरोगतज्ज्ञ परिषदांमधून 'सोनेरी' म्हणतो, नेमकी तीच. आई थरथरतेय, तिच्यावर कुणीतरी खेकसतंय, "नीट पडा, हलू नका", आणि तिच्याकडून अपेक्षा अशी की बाळ हातात येताच तिला पान्हा फुटावा.

आई आणि बाळ यांची काळजी वेगवेगळी करता येत नाही ती अशी. प्रसूतीत बाईला अखंड सोबत मिळाली तर काय होतं, याचे १७ देशांतले २६ प्रयोग एकत्र करून २०१७ साली कोक्रेन या संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा आढावा निघाला. त्यात साडेपंधरा हजारांवर बायका होत्या. सोबत असलेल्यांच्या कळांचा काळ थोडा कमी, सिझरचं प्रमाण कमी, वेदनाशामक कमी. आणि जन्मानंतर पाच मिनिटांनी बाळाची तब्येत पाहून दिले जाणारे ॲपगारचे गुण कमी पडण्याचं प्रमाणही कमी. पाठीवर हात आईच्या, गुण बाळाला. असा परिणाम एखाद्या गोळीनं दाखवला असता तर ती प्रत्येक लेबर रूमच्या कपाटात असती. सोबतीला मात्र "जागा नाही", "गर्दी होते", "नातेवाईक वाद घालतात" म्हणून दाराबाहेर उभं करतात. दोन टेबलांमध्ये एक पडदा लावला की यातला निम्मा प्रश्न सुटतो. पडद्याला कुठलं तंत्रज्ञान लागतं?

बाकीच्या गोष्टीही अशाच. कळा देताना फिरू द्या, हवं तसं बसू द्या, उकिडवं, कुशीवर, ओणवं. उताणं पडून कळा देणं सोयीचं असतं ते समोर उभ्या असलेल्याला. प्रसूतिमार्गाला सरसकट छेद घेऊ नका. पोटावर दाब देऊन बाळ ढकलू नका. गर्भाशयाचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे, हा हिशेब निरोगी बाईवर लादू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत हे सगळं आहे. लेबर रूममध्ये ते किती आहे, ते ज्यानं त्यानं आपल्या लेबर रूमचं दार उघडून पाहावं.

आणि बायकांना कळतं. ते कळणं मोजमापांच्या बऱ्याच आधीचं असतं. १८४० च्या दशकात व्हिएन्नाच्या रुग्णालयात दोन प्रसूती विभाग होते, एक डॉक्टरांचा, एक सुइणींचा. भरतीचे वार वाटून दिलेले. डॉक्टरांच्या विभागाच्या वारी आलेल्या बायका गुडघे टेकून विनवत, आम्हाला तिकडे पाठवू नका. काही जणी रस्त्यात बाळंत होणं पत्करत. डॉक्टरांच्या विभागात बाळंतरोगानं कितीतरी जास्त बायका दगावत होत्या. शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीला तपासणारे हात तो रोग नेत होते, आणि १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइसनं ते हात क्लोरीनच्या पाण्यात धुवायला लावले तेव्हा मृत्यू झपाट्यानं घटले. सेमेलवाइसची गोष्ट सगळे सांगतात. माझं मन त्या विनवणाऱ्या बायकांपाशी अडतं. त्यांच्याकडे सिद्धांत नव्हता, पण कुठे जाऊ नये हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. आजही एखादी बाई "तिथं पुन्हा जाणार नाही" म्हणते तेव्हा तिला अडाणी ठरवण्याआधी तिला तिथं काय दिसलं ते विचारावं.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: निरोगी बाळांचं ठीक आहे हो, पण कमी दिवसांचं, दीड किलोचं बाळ असेल तर? त्याला तर ऊब देणारी काचेची पेटीच हवी ना?

मीही हेच म्हणत होतो. कोलंबियात बोगोटाच्या प्रसूती रुग्णालयात १९७० च्या दशकाच्या अखेरीस पेट्या अपुऱ्या होत्या, एका पेटीत दोन-तीन बाळं, आणि संसर्गानं बाळं जात होती. एडगर रे आणि एक्तोर मार्तिनेस या डॉक्टरांनी ती छोटी बाळं आयांच्या छातीला उभी बांधली. ती कांगारू पद्धत. पुष्कळ वर्षं आम्ही तिला गरिबांचा पर्याय समजलो, आणि तीही बाळ स्थिर झाल्यावरच. मग २०२१ साली घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या देशांतल्या पाच रुग्णालयांतल्या चाचणीचे निष्कर्ष आले. १ ते १.८ किलोची ३,२११ बाळं. निम्म्यांना नेहमीची पद्धत: आधी स्थिर करा, मग कांगारू. उरलेल्यांना जन्मल्यापासून लगेच आईची किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाची छाती. पहिल्या २८ दिवसांत नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के बाळं गेली, लगेचच्या गटात १२ टक्के. फरक इतका स्पष्ट दिसू लागला की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं आपली शिफारस बदलली.

त्या चाचणीतली माझ्या मते सगळ्यात क्रांतिकारक गोष्ट पलंग होती. बाळांच्या अतिदक्षता विभागात आईचा पलंग टाकला होता. तिची तपासणी, टाके, रक्तदाब, औषधं सगळं तिथंच. ऑक्सिजन लागणारं बाळ ऑक्सिजनसकट तिच्या अंगावर. आमच्या अतिदक्षता विभागात आईला तेव्हा दिवसातून दोनदा, गाउन घालून, काचेतून बाळ बघायची मुभा होती. 'भेटीची वेळ' अशी पाटी होती. आई बाळाला भेटायला येणारी पाहुणी.

आता ज्यांच्या बाजूनं मी बोलतोय त्यांचेही कान धरायला हवेत. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी १९९१ साली बाळ-स्नेही रुग्णालयांची मोहीम सुरू केली, स्तनपानाच्या दहा पायऱ्या ठरवून. ती गरजेची होती. दूध-पावडरीचे फुकटचे डबे प्रसूतिगृहात वाटणाऱ्या कंपन्यांना आवर घालणारी संहिता १९८१ साली आली होती, तरी डबे येतच होते. आणि त्या पायऱ्यांचा उपयोग होतो हेही दिसलं: बेलारूसमध्ये ३१ प्रसूतिगृहांत सतरा हजारांवर आई-बाळांच्या जोड्या घेऊन केलेल्या प्रयोगात, पायऱ्या पाळणाऱ्या ठिकाणी तिसऱ्या महिन्यात फक्त अंगावर पिणारी बाळं ४३ टक्के होती, इतर ठिकाणी ६ टक्के. पोटाचे संसर्गही घटले. पण नावात बाळ आलं आणि आई गाळली गेली. भिंतीवर फलक लागला आणि फलकाचा दंडुका झाला. बाळ आईजवळच ठेवायचं, हे फर्मान निघालं. सिझर झालेल्या, कुशीवर वळता न येणाऱ्या बाईजवळ पहिल्या रात्री बाळ ठेवलं, बेलचं बटण तिच्या हाताला येत नव्हतं, आणि पहाटे तिला ऐकवलं, "आई आहात ना तुम्ही?" बाळ आईजवळ ठेवणं आणि बाळ आईवर सोडून देणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्यासाठी रात्रपाळीला आणखी दोन हात लागतात. दुसऱ्यासाठी काहीच लागत नाही, म्हणून तेच होतं.

काही बायकांना दूध पुरत नाही, काहींना औषधांमुळे पाजता येत नाही, काहींना नको असतं. त्यांच्या बाळालाही तोच उबदार तास हवा असतो, आणि त्यांनाही मान. डब्याच्या जाहिरातबाजीविरुद्ध मी कितीही बोलेन; पण डबा हातात असलेल्या बाईकडे तुच्छतेनं पाहणाऱ्या सिस्टरना वॉर्डाबाहेर पाठवीन.

घरी गेल्यावरचं तर कुणाच्याच वाट्याला येत नाही. लसीच्या तारखा बाळाच्या, वजनाचा आलेख बाळाचा. जगभरात नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के बायकांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. म्हणजे आठांत एक. माझ्या ओपीडीत बाळाला मांडीवर घेऊन त्या येतात आणि तक्रार बाळाची सांगतात: फार रडतं, झोपतच नाही. बाळ तपासून "काही नाही, नॉर्मल आहे" म्हणणं सोपं असतं. "आणि तुम्ही झोपता का?" हा एक प्रश्न जास्तीचा विचारला तर पुढची दहा मिनिटं जातात. बाहेर रांग असते. मी तो प्रश्न दरवेळी विचारलाय असं म्हणणार नाही.

माणसं कमी आहेत, हे खरं आहे. एक सिस्टर तीन टेबलं सांभाळत असेल तर तिच्याकडून हळुवारपणाची अपेक्षा करणं ही तिची चेष्टा आहे, आणि तिच्यावर खेकसणारे वरिष्ठ असतील तर ती खाली खेकसणारच. तिथं मनुष्यबळच वाढवावं लागेल, त्याला पर्याय नाही. पण नाळेचं एक मिनिट, तासाभरानं केलेलं वजन, दाराआड ताटकळणारी सोबत, मधला पडदा, यांपैकी कशाला जास्तीचं मनुष्यबळ लागतं? उलट छातीवरचं बाळ आणि शेजारची सोबत सिस्टरचं ओझं हलकंच करतात.

म्हणून प्रशासनाकडे मी एकच मागणी लावून धरली आहे. नवं यंत्र नको, फलक नको. आई-बाळाचा केसपेपर एकच करा आणि त्यात एक रकाना घाला: बाळ आईपासून वेगळं केलं का? किती वाजता? कशासाठी? परत किती वाजता दिलं? खाली वेगळं करणाऱ्याची सही. श्वास लागला होता, फिट आली होती, आईची प्रकृती गंभीर होती, अशी कारणं असतीलच, ती लिहावीत. मी माझी पहिली दहा वर्षं आठवून हा रकाना मनातल्या मनात भरून पाहिला. पानामागून पान एकच कारण येत गेलं. वजन करायचं होतं.